खिशातला फ्यूज

साठच्या दशकात बंगलोरच्या ज्या सरकारी संशोधन संस्थेत मी नोकरीला होतो, तिथे गणकयंत्राच्या दालनात चपला-बूट घालून जायला बंदी होती. बाहेरून येणाऱ्यांना त्यात भाविकपणा दिसायचा. काही जण तर दारातूनच नमस्कार करायचे. आत देव नाही, ड्रम आहे आणि त्याला धूळ सोसत नाही, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस यायचा. मी बेळगावचा, नुकता इंजिनिअर झालेला आणि मुळातच तापट. त्या वयात आपण सोडून सगळे अडाणी वाटतात, तसे मलाही वाटत.

ड्रम म्हणजे दुधाच्या कॅनएवढा धातूचा दंडगोल. त्याच्यावर चुंबकीय लेप. तो गरागरा फिरायचा आणि विमानाच्या पंखांवर येणाऱ्या ताणांचे आकडे त्या लेपावर उमटून राहायचे. वीज गेली तरी ते पुसले जात नसत. पण ड्रमला स्वतःची अक्कल नव्हती. कोणता आकडा कुठे लिहायचा आणि कुठून वाचायचा, हे शेजारचा कंट्रोलर ठरवायचा. पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट, आत जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हच्या रांगा आणि मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या तारांच्या जुड्या. आम्ही त्याला नुसतं 'कपाट' म्हणत असू. ड्रम हे कोठार धरलं तर कपाट हा कोठावळा. तो आजारी पडला की कोठार भरलेलं असूनही सगळे उपाशी.

या कपाटाची जबाबदारी आमच्या वरिष्ठ इंजिनिअरांवर होती. ते साताऱ्याकडचे. दालनातली कन्नड मंडळी त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागलो. मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात ते आणि वहिनी, दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. रविवारी मला जेवायला बोलावणं असायचं. त्या घरात उंबऱ्याच्या आत मराठीशिवाय दुसरी भाषा चालत नसे. बेळगावची जीभ ती, माझ्या तोंडून निसटायचंच.

"वहिनी, स्वल्प भात वाढा."

"थोडा म्हण, थोडा," अण्णा ताटावरून मान न उचलता म्हणत. "पोटात तेवढाच जातो."

दालनात मात्र त्यांचे वेगळेच कायदे होते. पहिला कायदा फ्यूजचा. कपाट उघडायचं तर आधी भिंतीवरच्या पेटीतला मुख्य फ्यूज काढायचा. पांढऱ्या चिनी मातीचा, मुठीत मावेल एवढा, चांगला जड. तो टेबलावर ठेवायचा नाही, खणात टाकायचा नाही. ज्याचे हात कपाटात जाणार त्याने तो स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि काम संपल्यावर स्वतःच परत लावायचा. अगदीच अडलं तर आपल्या हाताने दुसऱ्याच्या हातात द्यायचा. कपाटात काय उघडं राहिलंय ते खिसेवाल्यालाच माहीत असतं, असं अण्णांचं म्हणणं. आत हात असताना कोणी दुसऱ्याने कळ दाबली तर माणूस कोळसा होईल, हेही ते अगदी शांतपणे सांगत.

दुसरा कायदा कपाट चालू करण्याचा. एकदम बटण दाबून ते चालू होत नसे. आधी पंखे, मग व्हॉल्व्हचे हीटर, ते तापल्यावर ड्रमची मोटर, मोटरने वेग घेतल्यावर उणे व्होल्टेज, मग अधिक व्होल्टेज आणि सगळ्यात शेवटी लिखाणाची कळ. लिखाण आधी जागं झालं तर ते ड्रमवर वाटेल ते खरडून ठेवी आणि महिन्यांची मेहनत मातीत जाई. म्हणून एकाने स्विचवर हात ठेवून काय करतोय ते मोठ्याने सांगायचं आणि कपाटामागे उभ्या असलेल्या दुसऱ्याने मीटर बघून 'सरी' म्हणायचं. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक आहे, बरोबर आहे. दालनातले निम्मे लोक म्हैसूरकडचे होते, त्यामुळे हाच शब्द रुळला होता. घरी मराठीवर एवढा पहारा ठेवणारे अण्णा इथे दिवसभर सरी, सरी करत.

"सरी आल्याशिवाय पुढच्या स्विचला हात लावायचा नाही," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "समोरचा विचार करत असेल, झोपला असेल, नाहीतर मेला असेल. आपण आहे तिथंच उभं राहायचं."

मला तेव्हा हसू आलं होतं. मी नुसती मान हलवली.

एका वर्षी पाऊस सरता सरता कपाट आजारी पडलं. वाचायचं ठीक, पण लिहिताना मधूनच आकडा भलत्याच जागी जाऊन पडायचा. तो केव्हा चुकेल ते सांगता येत नसे, म्हणून कशावरच भरवसा उरला नाही. विभागप्रमुख म्हणाले, परदेशातून कंपनीचा माणूस बोलवू. म्हणजे मंजुऱ्या आल्या, महिने आले. अण्णा म्हणाले, मला करू द्या. तारांचे कथिलाचे टाके कोरडे पडलेत, एवढंच आहे.

एवढंच म्हणजे कपाटभर टाके होते. फ्यूज खिशात टाकून अण्णा रोज सकाळी स्टुलावर बसत आणि एकेक सांधा तापवून पुन्हा कथील देत. मला आणि माझ्या म्हैसूरच्या जोडीदाराला ते हाताशी घेत, पण ड्रमवर लिहिण्याचं काम करणाऱ्या भागाला, लिखाणाच्या फळीला, आम्हाला हात लावू देत नव्हते. त्या दिवसांत ते खुशीत असत. संध्याकाळी पँटचा खिसा फ्यूजच्या वजनाने लोंबत असलेला, तसेच घरी जात. वहिनी खिसे शिवून शिवून वैतागल्या होत्या.

शेवटी एके दिवशी त्यांनी कपाटाची दारं लावली. "जेवून येऊ आणि चालू करू," म्हणाले. कँटीनमध्ये ते माझ्या पुढे रांगेत उभे होते. ताट हातातून निसटलं, आणि मी ते उचलायला वाकलो तोवर अण्णाही खाली आले.

उजवी बाजू गेली, आणि वाचाही. मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांना नेलं तेव्हा फ्यूज त्यांच्या खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी विचारलं, कपाट का बंद आहे? जोडीदार म्हणाला, "सर, फ्यूज अण्णांच्या खिशात आहे." साहेबांना वाटलं आम्ही थट्टा करतोय. स्टोअरमध्ये तसल्या फ्यूजची टोपली भरलेली होती, एक आणा आणि लावा, असं त्यांचं सरळ म्हणणं. ते काही चुकीचं नव्हतं. पण लिखाणाच्या फळीत काय केलंय ते फक्त अण्णांना ठाऊक होतं, आणि आत एखादं टोक मोकळं राहिलं असेल तर ड्रमवरचं सगळं जाईल, हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. "मग त्यांना विचारून या," साहेब म्हणाले.

इस्पितळाच्या लांबलचक वॉर्डात अण्णांची खाट भिंतीशी होती. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. अण्णांच्या तोंडाचा कोपरा खाली ओढला गेला होता, पण डोळे तेच होते. डाव्या हाताची मूठ पोटावर घट्ट मिटलेली.

"कपडे बदलताना ते खिशातनं पडलं," वहिनी म्हणाल्या. "मी पिशवीत टाकायला गेले तर हिसकावून घेतलं. तेव्हापास्नं सोडत नाहीत. झोपेतसुद्धा नाही. आहे तरी काय ते?"

मी त्यांना कायदा समजावला. मग खाटेवर वाकून विचारलं, "अण्णा, कपाटात काही राहिलंय का? राहिलं असेल तर डोळे मिटा."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग डोळे भरून आले आणि त्यांनी ते मिटले. मूठ आणखी आवळली गेली.

मी तडक दालनात गेलो. "आत काहीतरी राहिलंय," जोडीदाराला सांगितलं. आम्ही कपाट उघडलं आणि त्या दिवसापासून सगळं काम सोडून नुसतं शोधत बसलो. लिखाणाच्या फळीचा प्रत्येक टाका भिंगाखाली पाहिला, प्रत्येक तार चिमट्याने ओढून पाहिली, जोडणीच्या नकाशाशी ताडून पाहिली. मागच्या जुड्या सोडून पुन्हा बांधल्या. कपाटाच्या तळाशी पडलेली कथिलाची गोळी सापडेल म्हणून पालथे पडून हात फिरवला. धूळसुद्धा सापडली नाही. अण्णांनी आत पुसून घेतलं होतं. एकेक टाका असा चकचकीत आणि गोल होता की जोडीदार शेवटी मान हलवून म्हणाला, "इथे काहीच राहिलेलं नाही. हे काम संपलेलं आहे."

मी जमिनीवर बसलो होतो. तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर रडू फुटलं. कपाटात काही राहिलं नव्हतंच, डोळे भरून आले म्हणून मिटले होते. फ्यूज ज्याच्या खिशात, कपाट त्याचं. तो दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे मी आता परत येत नाही असं कबूल करणं होतं. मी इंजिनिअर माणूस, मुठीचा अर्थ तारांमध्ये शोधत बसलो होतो.

साहेबांच्या खोलीत मी सगळं खरं सांगितलं. कपाट तयार आहे, आमची काही हरकत नाही. पण फ्यूज अण्णांकडून आला पाहिजे. हातात बळ आलं तर त्यांनी स्वतः लावावा, नाहीतर स्वतः द्यावा. त्यांना न विचारता टोपलीतला फ्यूज लावायचा असेल तर मला दुसऱ्या विभागात टाका.

"आणि त्यांनी दिलाच नाही तर?"

साहेब तमिळ, कडक शिस्तीचे, आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तरुणपणी त्यांनीही कुठल्यातरी वीजघरात असे फ्यूज खिशात बाळगले असावेत, असं मला वाटलं. "घरी सोडलं की सांगा," म्हणाले. "गाडी मी पाठवतो."

घरी सोडल्यावरही अण्णा बोलले नाहीत. वहिनींनी सगळे उपाय केले. गावाकडच्या गोष्टी काढल्या, रागावल्या, लहान मुलाशी बोलावं तसं 'आई म्हणा, पाणी म्हणा' असंही करून पाहिलं. ते नुसते बघत. वहिनींना सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. "पाय नाही आले तर नाही आले," त्या मला म्हणाल्या. "पण घरात आवाज नको का? मी एकटीच बडबडते, वेड्यासारखी." दालनात न्यायचं मी विचारलं तेव्हा मला वाटलं नको म्हणतील. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, त्यांच्या मुठीकडे पाहिलं, आणि त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढायला उठल्या.

गाडीतून उतरवून आम्ही त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. दाराशी वहिनींनी चपला काढल्या, मग वाकून अण्णांच्याही काढल्या. दालनात त्या पहिल्यांदाच येत होत्या. कपाटासमोर उभ्या राहून त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे? एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं काहीतरी मोठं असेल."

कोणीतरी हसलं. अण्णांची खुर्ची आम्ही मागच्या बाजूला, मीटर दिसतील अशी ठेवली. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो. मागायचं नाही, असं मी रात्रीच ठरवलं होतं. नाही दिला तर तसेच त्यांना घरी सोडू, असंही ठरवलं होतं. त्यांनी कपाट पाहिलं. बंद दारं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे करून मूठ माझ्या तळव्यावर ठेवली. एकेक बोट उघडायला त्यांना वेळ लागला. फ्यूज गरम झाला होता.

मी तो पेटीत बसवला आणि पुढच्या बाजूला गेलो. जोडीदार मीटरपाशी, अण्णांच्या खुर्चीमागे उभा होता.

"पंखे," मी म्हणालो आणि कळ वर केली.

"सरी."

आवाज जोडीदाराचा नव्हता. जाड, ओला, ओढून काढल्यासारखा होता. मी कपाटाच्या कडेने डोकावलो. जोडीदार तोंड उघडं टाकून उभा होता. मला त्याने हाताने खूण केली, पुढे चल.

"हीटर."

व्हॉल्व्ह लाल व्हायला लागले. बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, झालं, एकच शब्द होता तो. मग काटा जागेवर आल्यावर मागून आलं, "सरी."

मोटरला तर त्यांनी आम्हाला फारच थांबवलं. ड्रमचा आवाज चढत चढत गेला, आमच्या कानाला तो पूर्ण वेगात आलेला वाटला, तरी सरी येईना. मीही हात हलवला नाही. मग तो आवाज आणखी किंचित चढून एकसारखा झाला, आणि सरी आली. तेव्हा माझी खात्री पटली की माणूस आत जागा आहे, सगळं बघतोय, सगळं त्याला समजतंय. उणे, अधिक, आणि शेवटी लिखाण. प्रत्येकाला सरी. ड्रमवरचे जुने आकडे वाचून पाहिले, जसेच्या तसे होते. नवे लिहून पाहिले, जागच्या जागी गेले.

टाळ्या वाजल्या, साहेबांनी अण्णांचा डावा हात हातात घेतला. वहिनी मात्र भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी जवळ गेलो.

"घरात मी तोंडाची वाफ दवडतेय," त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "माझ्याशी एक शब्द नाही. आणि ह्या लोखंडाशी बोलले. तेही कानडी." त्या रागावल्या होत्या आणि त्यांचा राग खरा होता.

अण्णांना तेवढाच शब्द परत मिळाला, आणि तोही घरी गेल्यावर पुन्हा मिटला. पुढच्या रविवारी वहिनींनी मला दारातच धरलं. "तुम्ही कसं म्हणता ते मला सांग. नीट सांग." मी सांगितलं. विचारायचं नाही. हे करू का, ते हवं का, असं नाही. आपण काय केलं तेवढं मोठ्याने सांगायचं आणि थांबायचं. सरी आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्या आत गेल्या, चहाचा कप अण्णांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवला आणि परेडला उभ्या राहिल्यासारख्या उभ्या राहून म्हणाल्या, "चहा ठेवला."

अण्णांनी कपाकडे पाहिलं. वाफ येत होती. वहिनी थांबल्या, मी थांबलो. वाफ कमी झाली तेव्हा ते म्हणाले, "सरी."

त्या दिवसापासून त्या घरातला मराठीचा पहारा उठला. मी गेलो की बाहेरूनच ऐकू यायचं. खिडकी लावली, सरी. भात उतरवला, सरी. तुमच्या बहिणीचं पत्र आलं, सरी. कधी कधी अण्णा मुद्दाम अडवून ठेवत. वहिनींनी भाजीत मीठ टाकल्याचं सांगितलं की सरी द्यायचीच नाही, आणि त्या पळी हातात धरून ताटकळत उभ्या. "बघ, बघ कसा छळ मांडलाय," त्या मला म्हणायच्या. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आहे. लग्न झाल्यापासून त्या दोघांत इतकं बोलणं झालं नसेल. दालनात कपाट व्यवस्थित चालत होतं. त्याची बातमी मी दर रविवारी द्यायचो, आणि तीही सरीवर मंजूर व्हायची.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच्या एका रविवारी मला जायला उशीर झाला. सूर्य मावळला होता. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर चपला काढताना आतून काही ऐकू आलं नाही.

देवापुढे समई तेवत होती. समईसमोर वहिनी उभ्या होत्या, काडेपेटी हातात तशीच. खुर्चीत अण्णांची मान एका बाजूला झुकली होती. मी जवळ जाऊन डाव्या हाताला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"दिवा लावला, म्हणाले मी," वहिनी समईकडेच बघत म्हणाल्या. "अजून सरी आली नाही."

मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्यात मग काय करायचं असतं?"

काय करायचं असतं ते अण्णांनी पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं होतं. मी वहिनींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.